गिरजाबाई वेचणीला गेल्यावर

कापसाचे ट्रक दिसायला लागले की आदिलाबादात कॅलेंडर बघावं लागत नाही. ताडपत्रीतून चहूबाजूंनी फुगून बाहेर आलेले ट्रक मार्केटच्या रांगेत उभे राहतात, काही तसेच पुढे भैंशाच्या जिनिंगकडे निघतात, आणि ते गेले तरी मागे बाभळींना, विजेच्या तारांना, दुकानांच्या पाट्यांना कापूस लटकत राहतो. परवा कॉलेजला जाताना माझ्या स्कुटीच्या आरशाला चांगला बोंडभर कापूस येऊन चिकटला. लोकांना हा हंगाम आवडतो. हातात पैसा असतो, वांगी गोड लागतात, सकाळी शेकोटीपाशी बसून गावभरच्या चौकशा करता येतात. मला आवडत नाही. स्वेटर उन्हात टाकतानाच माझं तोंड उतरतं आणि आई म्हणते, "लागली का तुझी थंडी?" आईला वाटतं मला संधिवाताची सुरुवात आहे. मी तिला तसंच वाटू देते.

याच दिवसांत मुली आपापले संशोधनाचे विषय घेऊन येतात. मी नर्सिंग कॉलेजात शिकवते आणि एम.एस्सी.च्या काही मुलींची मी गाइड आहे. गाइड या शब्दाचा मला अजून धाक वाटतो. मुली दारात चपला काढून आत येतात, फाईल छातीशी धरलेली असते आणि डोळ्यांत एकच विनवणी असते की मॅडम, विषय मंजूर करा, घरी लग्नाचं चाललंय. यंदा मौनिका नावाची एक हुशार मुलगी आली. नवजात बाळाची काळजी, खेड्यातल्या आया, शिकवण्याआधी एक चाचणी आणि शिकवल्यानंतर एक. तिचे कागद चाळता चाळता एका ओळीवर माझं बोट थांबलं. 'सत्राच्या वेळी सासू अथवा इतर नातेवाईक उपस्थित नसतील.' मी विचारलं, "का गं?" ती म्हणाली, "मॅडम, सासू असली की सून बोलतच नाही." अगदी खरं बोलली. एकेकाळी माझ्याही कागदांत हीच ओळ होती आणि तिच्याखाली मंजुरीची सही होती.

माझा अभ्यासही असाच होता. त्याचं नाव इतकं लांब होतं की बाबांना ते एका दमात वाचता यायचं नाही. रचनाबद्ध शिक्षण कार्यक्रमाची परिणामकारकता वगैरे. सोप्या भाषेत सांगायचं तर थंडीच्या दिवसांत जन्मलेल्या बाळाला ऊब कशी द्यावी, हे गरोदर बायांना शिकवायचं आणि त्या शिकल्या की नाही ते मोजायचं. बाबा महसूल खात्यातून निवृत्त झालेले. आमच्या घराण्यात निजामाच्या काळापासून कुणी ना कुणी कचेरीत आहेच, त्यामुळे फाईलला ते अजूनही मिसल म्हणतात. माझा प्रबंध त्यांच्या लेखी एक मिसल होती. रोज जेवताना विचारायचे, "मिसल कुठवर आली?" मी म्हणायची, "नार्नूरपर्यंत." त्यांना हा विनोद आवडायचा.

नार्नूरच्या बाजूची खेडी आम्ही निवडली होती. पहाटेची बस, पुढे उट्नूरला उतरून जीप, जीपमध्ये कोंबड्या, पोती, शाळेचे मास्तर आणि मी. सागाची पानं वाळून रस्त्यावर पडलेली असायची, त्यांवरून जीप गेली की पापड मोडल्यासारखा आवाज यायचा. धुकं इतकं की ड्रायव्हर मान बाहेर काढून गाडी चालवायचा. तळहात काखेत घालून मी मनात प्रश्नांची उजळणी करत बसायची. बाळाचे पाय गार लागले तर काय करावं. वजन कमी असलेल्या बाळाला अंघोळ केव्हा घालावी. टोपी का घालावी. पिशवीत एक रबरी बाहुली होती, गुलाबी, डोळे सताड उघडे, आदिलाबादच्या जत्रेत घेतलेली. जीपमधल्या म्हाताऱ्यांना वाटायचं मी खेळणी विकायला चालले आहे.

आमच्या गाइड म्हणजे सरोजिनी मॅडम. समुद्राकडच्या, गोदावरीच्या खालच्या अंगाच्या. त्यांना आमची थंडी सोसायची नाही. टेबलाखाली पायांशी हीटर ठेवून, शालीत गुंडाळून त्या आमचे कागद तपासायच्या. आमचं बोलणं तेलुगू-इंग्रजीत चालायचं. त्या दुष्ट नव्हत्या, हे आधीच सांगते, नाहीतर पुढचं वाचून तुम्ही सगळा दोष त्यांच्या शालीत बांधाल. एका मुलीची फी त्यांनी स्वतः भरली होती, माझा ताप उतरेपर्यंत रोज फोन करायच्या. फक्त अभ्यास हा शब्द आला की त्यांचा आवाज बदलायचा. "अम्मा, शुद्ध असलं पाहिजे," म्हणायच्या. शुद्ध म्हणजे त्यात दुसऱ्या कशाची भेसळ नको. आईला जे कळलं ते आपण शिकवल्यामुळेच कळलं, हे सिद्ध करता आलं पाहिजे.

पहिल्या दिवशी भेसळच भेसळ झाली. नमुन्यादाखल एक सत्र घ्यायचं होतं. अंगणवाडीत सुना भिंतीला टेकून बसल्या आणि सासवा त्यांच्यापुढे, जणू परीक्षा त्यांचीच. मी एका सुनेला विचारलं, "बाळाला पहिली अंघोळ कधी घालायची?" सून जमिनीकडे बघत राहिली आणि उत्तरं सासवांनी दिली. एक म्हणाली लगेच, एक म्हणाली पाचवीला, एक म्हणाली आधी हळद लावा. त्यावरून दोघींचं भांडण जुंपलं, ते थेट कुणाच्या तरी लग्नातल्या मानपानापर्यंत गेलं. सगळ्यांत मोठा आवाज गिरजाबाईंचा. माळ्याच्या घरची बाई, उंच, काटक, दंडावर गोंदलेलं. आम्हा सगळ्यांना गप्प करून त्या म्हणाल्या, "पाच लेकरं वाढवली म्या. या पोट्टीचं तं अजून लगन नाई झालं. हे काय शिकवन मले?" बाया खो खो हसल्या. मीही हसले, दुसरं करणार काय.

मॅडमना हा किस्सा सांगितला तेव्हा त्या हसल्या नाहीत. चष्मा काढून पुसला आणि म्हणाल्या, "सासवा नकोत." मग त्यांनीच तोडगा काढला. कापूस वेचणीचे दिवस आहेत. सकाळचं दव वाळलं की धडधाकट बाया, म्हाताऱ्यासुद्धा, शेतात जातात आणि उन्हं उतरली की परततात. पोटुशी सुना घरी राहतात. त्या मधल्या वेळेत जायचं. कुणाला बाहेर घालवायला नको, कुणाचा अपमान नको. मला तेव्हा त्यांच्या डोक्याचं कौतुक वाटलं. खरोखर, संशोधनाच्या पुस्तकात सापडणार नाही अशी युक्ती होती ती.

दुपारचं रिकामं गाव फार वेगळं दिसतं. कुत्री उन्हात पडलेली, चुली विझलेल्या, ओसरीवर वेचून आणलेल्या कापसाचा ढीग आणि त्यावर झोपलेलं मांजर. अंगणवाडीत माझ्यासमोर नुसत्या सुना. पदर खाली आलेले, पाय लांब केलेले, पोटावर हात ठेवून सैल बसलेल्या. सासवा नाहीत म्हटल्यावर या बाया काय बोलायच्या! नवऱ्याच्या नकला करायच्या, मला लग्नाचं विचारायच्या. बाहुलीला त्यांनी नाव ठेवलं होतं, कलेक्टर. "आना इकडं कलेक्टरले, थंडी वाजत असन त्याले." बाळाला उघडं करून आईच्या उघड्या छातीशी कसं धरायचं, वरून पदर आणि पदरावर चादर कशी घ्यायची, हे त्या आळीपाळीने करून बघायच्या. बाहेर ऊन असायचं आणि आत बाया हसून हसून बेजार. त्या हंगामातलं एवढंच मला चांगलं आठवतं.

त्यांत शारदा होती. गिरजाबाईंची थोरली सून, पहिलटकरीण. आई लहानपणीच गेलेली, त्यामुळे बाळंतपणाला माहेर नाही, सगळं सासरीच होणार. सातवी-आठवीपर्यंत शिकलेली, तेलुगू शाळेत, पण डोकं असं की एकदा सांगितलेलं दुसऱ्यांदा सांगावं लागायचं नाही. मी फ्लिपचार्टचं पान उलटायच्या आधी पुढचं सांगायची. अंगठा आणि बोटांनी बाळाच्या तळपायाला हात लावून ऊब कशी ओळखायची, हे तिने बाहुलीवर इतक्या गंभीरपणे करून दाखवलं की हसणाऱ्या बाया गप्प झाल्या. तीच एकदा मला म्हणाली, "ताई, हे सगळं खरं हाये. पन आत्याबाईले कोन सांगनार?"

"तू सांग की."

"मी?" ती इतकी हसली की तिला पाठीला हात लावून बसावं लागलं. "मी सांगू? आमच्या घरी मीठ किती टाकाचं तेबी त्याच सांगतेत."

बाकीच्याही हसल्या. मला हसू आलं नाही. त्या आठवड्यात मी मॅडमकडे गेले आणि म्हटलं, सासवांनाही एकदा बसवून सांगू या, निदान ज्यांच्या सुनांचे दिवस जवळ आलेत त्यांना. मॅडमनी शांतपणे ऐकून घेतलं. म्हणाल्या, "सांगू ना. शेवटची चाचणी झाली की सगळ्या गावाला सांगू. आता सांगितलंस तर कळणार कसं, सून कुणाकडून शिकली?" त्यांचा मुद्दा बरोबर होता. आजही कुठल्याही परीक्षकापुढे तो बरोबरच ठरेल, म्हणूनच माझा जळफळाट होतो.

शारदाचं बाळंतपण सरकारी दवाखान्यात झालं. मुलगा. अंगाने अगदी लहान, पण दूध ओढत होता, म्हणून घरी सोडलं. वजन वाढेपर्यंत अंघोळ नको, छातीशी धरून ठेव, हे तिथल्या सिस्टरनीही तिला बजावलं होतं. मला अंगणवाडीच्या टीचरने फोनवर सांगितलं. मी खूश. बाबांनी विचारलं तेव्हा म्हटलं, मिसलीला मुलगा झाला. त्या आठवड्यात थंडीने असं धरलं होतं की आमच्या अंगणातल्या तुळशीची पानं काळी पडली होती आणि आईने तिच्यावर माझी जुनी ओढणी टाकली होती.

पुढचं मी पाहिलेलं नाही. शारदाने सांगितलं तसं सांगते आहे.

पाचवीला पाटा-वरवंट्याची पूजा करतात, रात्री सटवाई येऊन कपाळावर लिहून जाते म्हणतात. पूजेआधी बाळ-बाळंतिणीला न्हाऊ घालायचं असतं, त्याशिवाय बाळ सुपात कसं ठेवणार? गिरजाबाई तांबडं फुटायच्या आधीच उठल्या. चुलीवर मोठ्या गंजात पाणी ठेवलं, त्यात कडुनिंबाचा पाला घातला. तेल कोमट केलं. पाय लांब करून बसल्या आणि नातवाला नडगीवर घेतलं. प्रेमाने घेतलं, हे शारदा दोनदा म्हणाली. पाणी गरम होतं, हेही दोनदा म्हणाली. पण न्हाणी म्हणजे मागच्या अंगाला चार तुराट्यांचा आडोसा, वर आभाळ. चांगलं रगडून तेल लावायचं, पीठ चोळायचं, डोक्याला आकार द्यायचा, नाक चिमटीत धरून सरळ करायचं. गिरजाबाईंनी पाच लेकरांचं केलं तसंच सगळं केलं, काहीही घाई केली नाही.

"तू काही बोलली नाहीस?" मी विचारलं.

"बोलली नं. आत्याबाई, आज राहू द्या म्हनलं. लहान हाये म्हनलं."

"मग?"

"त्या म्हने, आंघोळ नाई तं पाचवी कशी? सटवाई वापस जाईन. मंग मी गप्प बसली." पुढे म्हणाली, "मले सगळं माईत होतं, ताई. टोपी, छाती, पाय पाह्याचं. मी बसल्या बसल्या त्याचे पाय पाहून राह्यली होती. गार लागत होते. मले माईत होतं गार लागले म्हंजे काय."

अंघोळीनंतर बाळाला धुपाची धुरी दिली, सुपात ठेवलं, पूजा झाली, शेजारच्या बाया येऊन बघून गेल्या. बाळ रडत नव्हतं, तर बाया म्हणाल्या, मोठं गुणाचं आहे. दुपारपर्यंत त्याने दूध ओढणं सोडलं. शारदाने त्याला छातीशी घेतलं, शिकवलं होतं तसंच घेतलं, वरून पदर, वरून चादर. नवरा भाजीचा टेम्पो घेऊन बाजाराला गेला होता, तो येऊन गाडी निघेपर्यंत दिवस कलला. घाटात वळणावळणाने गाडी जात असताना ती पदरात हात घालून तळपाय चाचपत होती. मी शिकवल्याप्रमाणे, अंगठा आणि बोटांनी. दवाखाना यायच्या आधीच संपलं.

आमच्याकडे शेवटच्या चाचणीचा दिवस ठरलेला होता, तो कुणाच्या घरी काय झालं म्हणून बदलत नाही. बाळंत झालेल्या बाया आपापली बाळं घेऊन अंगणवाडीत जमल्या. टोपडी, दुपटी, ओव्याचा वास, तेलाचा वास. मी प्रश्न विचारत होते, एकेकीकडून प्रत्यक्ष करून घेत होते. दारात शारदा येऊन उभी राहिली. कानाला फडकं बांधलेलं, बाळंतिणीचं, ते अजून सोडलं नव्हतं. बाळं मांडीवर घेतलेल्या बायांनी तिच्याकडे बघितलं आणि आपल्या बाळांवर पदर ओढून घेतले. मी तिला बाहेर नेलं. म्हटलं, तू कशाला आलीस, तुला यायची काही गरज नाही. ती म्हणाली, "काऊन नाई? मी बी शिकली होती. मले बी इचारा."

मी विचारलं. विचारणार नाही असं म्हणणं मला जमलं नाही. तिने एकेक उत्तर दिलं, न अडखळता, कधी कधी प्रश्न पुरा व्हायच्या आत. मग प्रात्यक्षिकाची वेळ आली. मी पिशवीची चेन लावायला लागले, तर तिने हात घालून बाहुली स्वतःच काढली. एरवी हसतखेळत कलेक्टर म्हणणाऱ्या बाया आता भिंतीकडे बघत होत्या. शारदाने बाहुली छातीशी उभी धरली, मान एका बाजूला वळवली, पाय बेडकासारखे मुडपले, पदर घेतला, चादर घेतली, आणि पदराखाली हात घालून तळपाय चाचपून पाहिले. एकही पायरी चुकली नाही. तिच्या पोलक्याला दुधाचे ओले डाग पडले होते. अंगणवाडीच्या टीचर उठून बाहेर गेल्या.

त्या सबंध अभ्यासात सगळ्यांत जास्त गुण शारदाला मिळाले.

मी मॅडमना विचारलं, हिचं काय करायचं? बाळ नाही, तर हिला धरायचं की गाळायचं? मॅडमनी टेबलाखालचा हीटर बंद केला. मग म्हणाल्या, "उत्तरं दिली ना तिने? मग धर." त्यांचा आवाज नेहमीसारखा नव्हता, पण शब्द नेहमीचेच होते. शारदाच्या गुणांनी सरासरी थोडी वर गेली. कार्यक्रम परिणामकारक ठरला. मर्यादांच्या प्रकरणात मी एक वाक्य लिहिलं होतं की बाळाला न्हाऊ घालणाऱ्या हातांना या अभ्यासात काहीच शिकवलं गेलं नाही. मॅडमनी त्यावर पेन्सिलने रेघ मारून वर लिहिलं, 'हा अभ्यास मातांपुरता मर्यादित होता.' तेही खोटं नव्हतं. तोंडी परीक्षेत परीक्षकांनी माझ्या तक्त्यांचं कौतुक केलं, बाबांनी मिसल दाखल झाली म्हणून गल्लीत पेढे वाटले. मी एक पेढा खाल्ला आणि मागच्या दारी जाऊन थुंकून टाकला.

मौनिकाला मी म्हटलं, ही ओळ काढ. सासवांनाही बसव. ती घाबरून म्हणाली, "मग सगळं मिक्स होईल मॅडम." मी म्हटलं, होऊ दे. कमिटीने तिचे कागद परत पाठवले. कमिटीत चांगली माणसं आहेत, माझ्या बरोबरीची, त्यांतल्या दोघींनी माझ्याबरोबर त्याच सरोजिनी मॅडमच्या हाताखाली धडे गिरवलेत. त्यांनी लिहिलं, 'नमुन्याची व्याख्या स्पष्ट नाही.' मौनिका रडली. मी कागद घरी आणलेत, ते माझ्या टेबलावर आहेत, आणि बाहेर कापसाचे ट्रक चाललेत. मी काय करीन ते मला माहीत आहे, भांडेन. भांडून काय होईल ते मात्र माहीत नाही. आणि भांडताना मी गिरजाबाईंचं नाव घेणार नाही, कारण त्या दिवशी त्यांनी मला जे विचारलं ते कुठल्याही कमिटीपुढे मांडता येण्यासारखं नाही.

तो चाचणीचाच दिवस होता. शारदाला घरी सोडायला मी तिच्याबरोबर चालत गेले. उन्हं उतरली होती. शेतातून बाया परतत होत्या, कमरेच्या ओट्या कापसाने फुगलेल्या. त्यांत गिरजाबाई होत्या. मला बघून त्या थांबल्या नाहीत, सरळ ओसरीवर आल्या, ओटी सोडली आणि कापूस ढिगावर ओतला. केसांत कापसाचे तंतू, बोटं बोंडांच्या काट्यांनी फाटलेली. त्या दिवसांत त्या कुणाशी बोलत नसत म्हणे. शारदा दाराच्या उंबऱ्यात टेकली. गिरजाबाई भिंतीशी बसल्या आणि मला म्हणाल्या, "शिस्टरबाई, तुमी हर हप्त्याले येत होत्या म्हन्ते."

"हो मावशी."

"मी वेचाले गेल्यावर."

"हो."

"मी घरी नसतानाच काऊन येत होत्या वं?"

काय सांगणार? शुद्ध, भेसळ, नमुना, यांतला एकही शब्द त्या ओसरीवर उच्चारण्यासारखा नव्हता. मी म्हटलं, "मावशी, पहिल्या दिवशी तुम्ही मला बोलूच दिलं नाही."

"मंग? भांडाचं होतं माह्याशी. मी काय वाघीन हावो?" मग त्यांनी पाय दुमडून घेतले, पदर सारखा केला, अंगणवाडीत सुना बसायच्या तशा बसल्या. "बरं. आता सांगा. काय शिकवलं ते सांगा मले."

चाचणी झाली होती. आता सांगायला कुणाची हरकत नव्हती. मी पिशवीतून बाहुली काढली, फ्लिपचार्ट उघडलं आणि सांगायला लागले. बाळ लहान असलं की त्याच्या अंगात ऊब टिकत नाही. आईची छाती हीच त्याची शेगडी. गिरजाबाई एकेक शब्द ऐकत होत्या, मध्ये एकदाही बोलल्या नाहीत. पुढचं पान अंघोळीचं होतं. पान हातात धरलं आणि माझ्या लक्षात आलं की हे पान या बाईसमोर उलटणं म्हणजे काय आहे. मी शारदाकडे पाहिलं. ती सासूकडे बघत होती. तिच्या डोळ्यांत राग शोधायचा मी प्रयत्न केला, तोही दिसला असता तर बरं वाटलं असतं.

"उलटा नं पान," गिरजाबाई म्हणाल्या.

मी उलटलं. वाचून दाखवलं. आवाज शक्य तितका सरळ ठेवला. त्या चित्राकडे बघत होत्या, चित्रात पाण्याचं घमेलं होतं आणि त्यावर लाल फुली.

"म्हंजे आंघोळ नसती घातली तं वाचलं असतं?"

मला हो म्हणायचं होतं. अभ्यास तेच म्हणत होता, माझी पुस्तकं तेच म्हणत होती. आणि नाही म्हणायचं होतं, कारण समोर माणूस होतं. शेवटी जे म्हटलं ते तसं खरंही होतं. "फार लहान होतं मावशी. सांगता येत नाही."

गिरजाबाईंनी माझ्याकडे वर पाहिलं. पहिल्या दिवशी अंगणवाडीत पाहिलं होतं तसंच, पण आता त्यात चेष्टा नव्हती.

"सांगता येत नाई," त्या म्हणाल्या, "तं मंग शिकवून काऊन राह्यल्या?"

शारदा उठून आत गेली. आत भांडं वाजलं, चुलीत फुंकर मारल्याचा आवाज आला. मी फ्लिपचार्ट मिटलं. बाहुली जमिनीवर पडली होती, गिरजाबाईंनी ती उचलली. तिचे तळपाय अंगठा आणि बोटांत धरले, आत्ताच मी दाखवलं होतं तसे. मग ढिगाजवळचं धुतलेलं फडकं ओढून तिला गुंडाळली, डोकं झाकलं, पाय झाकले, कुठे फट राहिली नाही ना ते पाहिलं आणि माझ्या हातात दिली.

"झाकून न्या," त्या म्हणाल्या. "बाहेर गार हाये."